रुपे काळे पडते तेव्हा

'छायाचित्र' हा शब्द चूक आहे, असे मला अधूनमधून कोणीतरी ऐकवतो. ऐकवणारा बहुधा व्याकरणाचा आणि कॅमेऱ्याचा, दोन्हींचा शौकीन असतो. त्याचे म्हणणे सरळ असते. ग्रीक भाषेत 'फोटो' म्हणजे प्रकाशाचे आणि 'ग्राफ' म्हणजे रेखणे, लिहिणे. मग चांगले 'प्रकाशचित्र' म्हणायचे सोडून आपण नेमके उलटे, सावलीचे चित्र का म्हणतो? बंगाल्यांनी बघा, 'आलोकचित्र' असा नेटका शब्द केला. (तमिळांनी 'पुगैप्पडम' म्हणजे धुराचे चित्र केले, ते मात्र हा गृहस्थ सांगत नाही.)

माझे उत्तर ठरलेले आहे. ज्याने अंधारखोलीत उभे राहून एक तरी काळापांढरा फोटो स्वतः छापला आहे, तो 'छायाचित्र' या शब्दाला नावे ठेवणार नाही.

एन्लार्जरच्या खाली कोरा ब्रोमाइड कागद ठेवायचा आणि वरून निगेटिव्हमधून काही सेकंद प्रकाश पाडायचा. दिवा बंद करून कागद पाहावा तर होता तसा कोरा. मग तो डेव्हलपरच्या ट्रेत सरकवायचा आणि ट्रे हलवत राहायचे. लाल दिव्याच्या उजेडात भुवया, मिशा, केस, खिडकीचे गज उमटू लागतात. आधी जे दिसते ते काळे. कपाळावरचा उजेड, आकाश, धुवट धोतर यांच्या जागी शेवटपर्यंत कागदाचाच पांढरा रंग असतो. म्हणजे प्रकाशाने जे काही केले ते काळेच केले, आणि पांढरे राहिले ते तिथे प्रकाश पोचला नाही म्हणून. उन्हात राबणाऱ्याची कातडी रापते आणि सदऱ्याखालची तेवढी गोरी राहते, तसाच हा कागद रापतो. फोटोतला एखादा कोपरा जास्त गडद हवा असेल तर बाकीचा भाग हाताने झाकून तेवढ्या जागी जादा प्रकाश देतात. आपले फोटोग्राफर इंग्रजांच्या मागोमाग त्याला 'बर्निंग' म्हणतात. माझ्यावर सोपवले असते तर मी 'रापवणे' म्हटले असते.

गंमत अशी की हा वाद आपण मराठीत नव्याने घालत नाही. तो या कलेच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. इंग्लंडमधल्या लेकॉक अॅबी इथे राहणारा विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट कागदाला मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावून त्यावर झाडाचे पान किंवा लेसचा तुकडा ठेवी आणि कागद उन्हात मांडी. भोवतालचा कागद काळवंडे, पानाची आकृती पांढरी राहून जाई. 1835च्या टिपणवहीत या क्रियेला तो एका दमात दोन नावे देतो: 'फोटोजेनिक', म्हणजे प्रकाशातून जन्मलेली, आणि 'सायाग्राफिक', म्हणजे सावलीने रेखलेली. त्याच नोंदीत तो पुढची युक्तीही सुचवतो. पहिले चित्र पारदर्शक कागदावर असेल तर तेच वस्तू म्हणून दुसऱ्या कागदावर ठेवावे, आणि त्यावरून उजेड-सावल्यांची अदलाबदल झालेले दुसरे चित्र मिळवावे. निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याची सगळी विद्या या एका वाक्यात आहे. फक्त 'निगेटिव्ह' हा शब्द अजून नाही.

आता त्या 'साया'कडे जरा थांबून पाहायला हवे. ग्रीक 'स्किया' म्हणजे सावली. भाषाशास्त्रज्ञ तिला संस्कृत 'छाया' आणि फारसी 'साया' यांची सख्खी बहीण मानतात. म्हणजे टॅल्बटचा शब्द मराठीत आणायचा झाला तर भाषांतराचीही गरज नाही, तो 'छायालेखन'च आहे. घरातली सावलीही याच कुळातली. हिंदीत 'छ' येतो तिथे मराठीत पुष्कळदा 'स' येतो. पूछना आणि पुसणे, मच्छी आणि मासा, छुरी आणि सुरी. तशीच हिंदीची छांव आणि आपली साव, तिला 'ली' लागून सावली. 'सावळी'शी मात्र हिचे काही नाते नाही. ती श्यामलची लेक. दोघी काळसर असल्याने कवींनी त्यांना फार वेळा शेजारी बसवले, एवढेच.

मग टॅल्बटचा शब्द मागे का पडला? त्याच्या मित्रामुळे. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलला 'फोटोजेनिक' पटेना. 1839च्या फेब्रुवारीत त्याने टॅल्बटला पत्रातून कळवले की या शब्दाची रूपे चालत नाहीत, आणि लिथोग्राफीसारख्या रुळलेल्या शब्दांशी तो जुळत नाही. तक्रार शुद्ध वैयाकरणाची होती. 14 मार्च 1839 रोजी रॉयल सोसायटीपुढे त्याने स्वतःचा 'फोटोग्राफी' हा शब्द वापरला. त्यापासून फोटोग्राफर झाला, फोटोग्राफिक झाले, क्रियापद झाले, रूपे भराभर चालली. ब्राझीलमध्ये एर्क्यूल फ्लोरांस या फ्रेंच माणसाने हाच शब्द 1834 सालीच आपल्या वहीत लिहून ठेवला होता, पण वही जगाला दिसायला फार उशीर झाला. पुढच्या वर्षी, 1840 मध्ये, हर्शेलने 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हीही जोडी दिली. टॅल्बटने कला दिली आणि तिची बारशी हर्शेलने केली, असे म्हणायला हरकत नाही.

'फोटो'चे कुळही आपल्याला परके नाही. त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी असलेला धातू म्हणजे आपला 'भा'. प्रभा, आभा, भानू, भास्कर ही त्याचीच मंडळी. तेव्हा भांडण परकीय शब्द आणि देशी शब्द यांच्यात नाहीच. 'भा' आणि 'छाया' यांच्यात आहे, आणि या दोघांचे जुने प्रकरण पुराणात आहे.

सूर्याची बायको संज्ञा. तिला त्याचे तेज सोसेना. म्हणून तिने आपल्यासारखीच हुबेहूब एक स्त्री निर्माण केली, तिला घरात ठेवले आणि स्वतः निघून गेली. त्या प्रतिकृतीचे नाव छाया. सूर्याला बरेच दिवस पत्ता लागला नाही. शनी हा या छायेचा मुलगा. पुराणकाराने इथे 'छाया' शब्द सावली या साध्या अर्थाने वापरलेला नाही. छाया म्हणजे मूळ माणूस निघून गेल्यावर मागे राहिलेली, त्याच्यासारखी दिसणारी आकृती. भिंतीवरच्या फोटोचे याहून चांगले वर्णन मला सुचत नाही.

संस्कृत नाटके शाळा-कॉलेजात वाचलेल्यांना आणखी एक 'छाया' आठवेल. शकुंतला आणि तिच्या सख्या प्राकृतात बोलतात. संपादक त्या वाक्याखाली त्याचे संस्कृत रूप देतो, आणि त्यालाही 'छाया'च म्हणतात. शब्दाला शब्द, जागेला जागा. निगेटिव्ह कागदाला टेकवून जशीच्या तशी छापलेली कॉन्टॅक्ट प्रिंट असते, तितकी ती मुळाला चिकटून चालते. विद्यार्थी मूळ न वाचता थेट छाया वाचतात ही गोष्ट वेगळी.

अंधारखोलीकडे येऊ. या खोलीचे नाव दोनदा पडले आहे आणि लोकांना बहुधा एकदाच ऐकू येते. लॅटिन 'कामेरा' म्हणजे कमानदार छताची खोली. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र ठेवले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे पडते. योहानेस केप्लरने 1604 साली अशा खोलीला 'कामेरा ऑब्स्क्युरा' म्हटले, म्हणजे शब्दशः अंधारखोली. पुढे खोली आक्रसून पेटी झाली, 'ऑब्स्क्युरा' गळून पडला आणि नुसता 'कॅमेरा' उरला. तोच लॅटिन शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून हिंदुस्थानात येऊन 'कमरा' झाला. मराठीत तो फारसा रुळला नाही, आपली खोली पुरेशी होती. एका खोलीत राहणारे ते 'कॉम्रेड', हाही त्याच घराण्यातला, स्पॅनिशमार्गे आलेला. तेव्हा कॅमेऱ्यातून रोल काढून डार्करूममध्ये नेणारा माणूस एका अंधारखोलीतून दुसऱ्या अंधारखोलीत जात असतो. मधल्या प्रवासात उजेड लागला की काम संपले.

आता ज्या धातूमुळे हे सगळे होते त्याच्याकडे वळू. इथे शब्दांचा खजिनाच सापडतो. फिल्म आणि कागद, दोन्हींच्या लेपात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे मोजके अणू सुटे होतात. डोळ्याला काही दिसत नाही. डेव्हलपर नेमके तेच स्फटिक हेरतो आणि त्यांची पुरती चांदी करून टाकतो. फोटोतला काळा रंग म्हणजे ही चांदी.

चांदीला आपला जुना शब्द 'रुपे'. संस्कृतात 'रूप्य'. पाणिनीने याची उपपत्ती एका सूत्रात दिली आहे. 'रूप' शब्दाला 'य' लागतो तो दोन अर्थांनी: ज्यावर रूप ठोकून उमटवले आहे ते, म्हणजे नाणे, आणि ज्याचे रूप वाखाणावे असे, म्हणजे सुंदर. रुपया यातूनच आला, रुपेरीही यातूनच. पाणिनीच्या डोळ्यांपुढे ठशाखाली ठोकलेला चांदीचा तुकडा होता. पण 'ज्यावर रूप उमटले आहे ते रूप्य' ही व्याख्या ब्रोमाइडच्या प्रिंटला इतकी चपखल बसते की सूत्रकाराला नमस्कार करावा. आणि दुसरा अर्थही सोडू नका: सुंदर. स्टुडिओवाल्याचा सगळा धंदा त्या दुसऱ्या अर्थावर चालत असे.

'चांदी' चंद्रावरून आली. युरोपातले किमयागारही चांदीला 'लूना' म्हणजे चंद्रच म्हणत, आणि सिल्व्हर नायट्रेटला त्यांच्यामुळे 'लूनर कॉस्टिक' हे नाव मिळाले. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची फिल्म 'इंदू' या नावाने विकली जाई. इंदू म्हणजे चंद्र. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काहीही असो, किमयागारांनी मान डोलावली असती.

पण माझा लाडका शब्द तिसरा आहे. संस्कृत 'रजत', लॅटिन 'अर्जेंटम' आणि संस्कृत 'अर्जुन' हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे. मुळाचा अर्थ झळझळीत पांढरे. रसायनशास्त्रात चांदीची खूण 'एजी' आहे ती या अर्जेंटमवरून. म्हणजे चांदी ही नावाने अर्जुन, आणि कागदावर बारीक कणांच्या रूपात बसली की प्रकाश शोषून घेते आणि दिसते काळी, म्हणजे कृष्ण. आपण अशा फोटोला 'कृष्णधवल' म्हणतो. 'कृष्णार्जुन' म्हटले असते तरी अर्थ तोच झाला असता, आणि खरे तर जास्त नेमका. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडळातल्या एका सूक्तात ही जोडी आली आहे, आणि तिथे ती माणसांची नावे नाहीत. रात्र हा काळा दिवस आणि दिवस हा अर्जुन दिवस, अशी तिथली कल्पना. रात्रीला दिवसाचीच काळी बाजू म्हणणाऱ्या त्या ऋषीला निगेटिव्ह समजावून सांगायला वेळ लागला नसता.

चांदीच्या या काळेपणाला पहिले नाव कोणी दिले तेही सांगून टाकतो, कारण ते विस्मरणात गेले आहे आणि जायला नको होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात योहान हाइनरिख शुल्त्से हा जर्मन प्राध्यापक अंधारात चमकणारा पदार्थ बनवायच्या खटपटीत होता. त्याने खडूवर नायट्रिक आम्ल ओतले. आम्लात थोडी चांदी होती. बाटलीची खिडकीकडची बाजू काळी पडली. उष्णतेने नव्हे, प्रकाशाने, हे त्याने तपासून सिद्ध केले, आणि बाटलीला अक्षरे कापलेला कागद गुंडाळून आत उन्हाने अक्षरेही उमटवून पाहिली. त्याला हवा होता 'फॉस्फोरस', म्हणजे प्रकाश वाहणारा. मिळाला तो उलटाच, म्हणून त्याने नाव ठेवले 'स्कोटोफोरस', अंधार वाहणारा. त्यातला 'फोरस' म्हणजे आपला 'भृ', ज्यापासून भार आणि भरण. तेव्हा छाया की प्रकाश या वादात पहिले मत नोंदवले गेले ते अंधाराच्या बाजूने.

'कृष्ण' झाला, आता 'धवल'. या शब्दाने मला फार सुख दिले आहे. संस्कृतात 'धाव्' धातू दोन आहेत, एक पळण्याचा आणि एक धुण्याचा. दुसऱ्यापासून 'धौत', आणि आपले 'धुणे'. 'धवल' हाही परंपरेने याच धुण्याच्या धातूशी जोडतात. धवल म्हणजे धुतलेले, धुऊन पांढरे झालेले. आता मराठी माणूस फोटोच्या बाबतीत काय म्हणत आला आहे? 'रोल धुवायला टाकलाय.' 'फोटो धुऊन आले का?' इंग्रजीवाले डेव्हलप करतात, आपण धुतो. यावर हसणारे लोक आहेत. त्यांना वाटते की अडाणी माणसाने पाणी पाहिले आणि धुणे म्हटले. पण डेव्हलपर फक्त काळे आणतो. त्या क्षणी कागदाच्या पांढऱ्या भागात न वापरलेली चांदीची लवणे तशीच पडून असतात. बाहेर उजेडात नेले की तीही काळवंडतील आणि चित्र बुडेल. ती विरघळवून काढायची आणि मग कागद वाहत्या पाण्यात धूत बसायचे. जाड तंतुमय कागद असेल तर तासभर. कामाचा सर्वांत लांब टप्पा हाच. फोटोतला 'धवल' भाग हा अक्षरशः धुतल्याने धवल राहिलेला असतो.

ती लवणे विरघळवणारा पदार्थ म्हणजे हायपो. हर्शेलनेच 1819 साली, फोटोग्राफीच्या वीस वर्षे आधी, या द्रावणात चांदीची लवणे विरघळतात हे नोंदवले होते, आणि 1839 मध्ये टॅल्बटला सांगितले. तेव्हाच्या 'हायपोसल्फाइट' या नावाचा हा शेंडा. रसायनशास्त्रज्ञांनी पुढे नाव बदलून 'थायोसल्फेट' केले, पण अंधारखोलीने ते ऐकले नाही. जगभर आजही हायपोच. ग्रीक 'हायपो' म्हणजे खाली, जवळ, आणि तो आपल्या 'उप' या उपसर्गाचा भाऊ, जसा 'हायपर' हा 'उपरि'चा. हायपो नीट धुतला गेला नाही तर उरलेला गंधक वर्षानुवर्षे चांदीला खात राहतो. आजोळच्या ट्रंकेतले जे फोटो पिवळे-तपकिरी पडून पुसट होत गेलेले असतात त्यांत पुष्कळसा दोष काळाचा नसून कोणीतरी घाईत आटोपलेल्या धुण्याचा असतो.

'ब्रोमाइड'मधल्या ब्रोमचा ग्रीक अर्थ दुर्गंधी, हे जाता जाता. आपल्या गंधकाने तो अपमान सौम्य भाषेत केला आहे.

डेव्हलपरला कोशातली मराठी 'विकासक' म्हणते. वर्तमानपत्रांनी हाच शब्द बिल्डरला बहाल केल्यापासून त्याचे वाजले की बारा. तरी शब्द मुळात देखणा आहे. 'वि' आणि 'कस्' म्हणजे फुटणे, कळी उमलणे. जुन्या पोथ्यांत 'विकास' आणि 'विकाश' यांची सरमिसळ होते. दुसऱ्यात 'काश्' म्हणजे चमकणे, ज्यापासून प्रकाश. उमलणे आणि उजळणे, ट्रेमध्ये दोन्ही होते. फ्रेंचांनी वेगळी वाट धरली. त्यांचा डेव्हलपर 'रेव्हेलातर', म्हणजे पडदा बाजूला करणारा. इंग्रजी आणि जर्मन शब्द गुंडाळलेले उलगडण्याचे. आपला एकटाच फुलाचा. आणि छापण्याला आपण 'मुद्रण' म्हणतो, तर 'मुद्रित' म्हणजे संस्कृतात मिटलेले! कमळ दिवसा विकसित, रात्री मुद्रित. अंधारखोलीत मात्र आधी मुद्रण करतात आणि मग विकास.

टॅल्बटला त्याचा विकासक 1840च्या सप्टेंबरात सापडला: गॅलिक आम्ल. त्याच्या लक्षात आले की वरकरणी कोऱ्या कागदावर चित्र आधीच दडलेले असते, या आम्लाने ते बाहेर येते. हे आम्ल कशातून येते? ओक झाडावरच्या गाठींतून, ज्यांना आपण मायफळ म्हणतो, आणि आपल्या हिरड्यातही ते आहे. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची काच आणली, तिच्यासाठी पुढे रुळलेला डेव्हलपर निराळा: फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस. आता मायफळ किंवा हिरडा आणि हिराकस हे एकत्र कुठे असत, ते कोणत्याही जुन्या कारकुनाला विचारायचे होते. दौतीत. पक्की शाई यांचीच होई. लेखणीने लिहायला जे लागे तेच प्रकाशाने लिहायला लागले, फक्त दोन घटकांनी दोन वेगवेगळ्या प्रक्रियांत नोकरी धरली. ('शाई' हा फारसी 'सियाही', म्हणजे काळेपणा. तेव्हा मास्तर लाल शाईने शेरे मारत तो लाल काळेपणाच.)

मुंबईत ही काचेची विद्या पटकन रुजली. 1854 मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे डॉक्टर होते आणि त्या पिढीतले नावाजलेले फोटोग्राफरही. औषधांच्या बाटल्यांत वावरणाऱ्या माणसाला या कामाची भीती वाटण्याचे कारण नव्हते. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची, म्हणून बाहेरगावी जाणारा फोटोग्राफर अंधारखोलीही तंबूच्या रूपात बरोबर नेई.

दादासाहेब फाळक्यांची अंधारखोली त्यांच्या घरातच होती. ते आधी फोटोग्राफर आणि ब्लॉक बनवणारे, सिनेमावाले नंतर. 1912 साली भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी जी छोटी फिल्म केली ती 'अंकुराची वाढ', कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची. फिल्मला छिद्रे पाडणे, ती रात्री धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. 'विकास' शब्दाचे दोन्ही अर्थ, रोपाचा आणि फिल्मचा, एकाच घरात एकाच वेळी चालले होते.

फिल्म. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ पातळ त्वचा, पापुद्रा. पोर्तुगीज आणि इटालियन लोकांचे शब्दही कातडीवरूनच आलेले. आपल्याकडे फोटोला 'छबी' म्हणतात, ती संस्कृत 'छवि', आणि छवीचा सर्वांत जुना अर्थ कातडी. मग कातडीचा रंग, मग कांती, मग सौंदर्य, मग चित्र. चांदीची लवणे फिल्मवर आणि कागदावर धरून ठेवणारा जिलेटिनचा लेप जनावरांच्या कातड्यांतून आणि हाडांतूनच काढतात, हे शब्दांना कोणी सांगितले कोण जाणे. 'तसबीर' अरबी, आकार देणे या अर्थाची, 'सुरत' तिचीच नातलग. 'कोडॅक' शब्दाला मात्र कूळ नाही. कंपनीच्या संस्थापक ईस्टमनला 'के' अक्षर आवडे म्हणून त्याने तो घडवला. व्युत्पत्ती शोधणाऱ्याने तिथून निमूट पुढे जावे.

आणि क्रियापदे? ती आपली आपणच ठरवली. मराठीत चित्र काढतात तसाच फोटोही काढतात. 'काढणे' प्राकृतातल्या 'कड्ढ'वरून आले, ओढणे या अर्थाचे, म्हणजे हिंदीवाले फोटो 'खींचते' ते आपल्या काढण्याहून वेगळे नाही. पण काढून झाला की मराठीत कर्ता बदलतो. 'मी फोटो काढला', आणि मग 'फोटो चांगला आला'. आता फोटो स्वतःच कर्ता, तो येतो किंवा येत नाही. ट्रेमध्ये चित्र उमटताना पाहिलेल्याला यात काही अलंकारिक वाटत नाही, ते खरेच येते. काढणाऱ्याला या व्याकरणाचा मोठा आधार असे. फोटो बिघडला तर तो 'आला नाही', बिघडवला कोणी नाही.

तरी गिऱ्हाईक तेवढ्यावर सोडत नसे, विशेषतः स्थळाला दाखवायच्या फोटोच्या बाबतीत. तेव्हा 'टचिंग' करत. स्टुडिओतला कसबी माणूस उजेडाच्या चौकटीवर निगेटिव्ह ठेवून, टोकदार पेन्सिलीने, भिंग लावून बसे. डोळ्यांखालची काळी वर्तुळे, गालावरचा डाग, मुरमांच्या खुणा निगेटिव्हवर फिकट, पारदर्शक दिसतात. तिथून प्रकाश जास्त जातो, म्हणून प्रिंटमध्ये ती जागा काळी येते. ती उजळायची तर निगेटिव्हवर तेवढ्या ठिकाणी शिसे घासून प्रकाश अडवायचा. म्हणजे मुलगी चार लोकांत गोरी दिसावी म्हणून तिचे आई-बाप आधी पैसे मोजून तिच्या तोंडाला काळे फासून घेत.